पट ४०७: हा आकडा विश्वस्तांपुढे एकटा ठेवू नये

दिवाळीच्या आगेमागे विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या विश्वस्त मंडळाची एक सभा हमखास असते. मागच्या सभेचे इतिवृत्त कायम करणे, जमाखर्च, आणि मग 'मुख्याध्यापकांचे निवेदन : पटसंख्या व उपक्रम'. या विषयाला जेमतेम वीस मिनिटे मिळतात. एकूण पट सांगितला जातो, दहावीचा निकाल सांगितला जातो, कार्यक्रमांची यादी वाचली जाते आणि अभिनंदनाचे ठराव होतात. शाळा कुठे चालली आहे हे त्यातून विश्वस्तांना कळत नाही, आणि ज्यांच्या सहीने शुल्क, भरती, तुकडी, इमारत हे सगळे ठरते त्यांनाच ते कळले नाही तर त्याची किंमत पुढे मुले आणि शिक्षक मोजतात.

ही सभा वर्षातली सर्वांत महत्त्वाची आहे असे मी मानतो, ते तिच्या वेळेमुळे. ३० सप्टेंबरचा पट हाताशी आलेला असतो. दुसरीकडे महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ नुसार पुढच्या वर्षीच्या शुल्काचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी ठेवावा लागतो. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणजे प्रस्ताव डिसेंबरच्या सुरुवातीच्या आत हवा. एकदा ठरलेले शुल्क दोन शैक्षणिक वर्षे बांधून टाकते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सभेत पट चुकीचा वाचला तर ती चूक दोन वर्षे निस्तरावी लागते.

आता पटाकडे. समजा एक मराठी माध्यमाची, सेमी इंग्रजीची शाळा आहे. छोटा शिशू ते दहावी, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी, तुकडीची क्षमता साधारण ४०. मागच्या वर्षीचा ३० सप्टेंबरचा पट छोट्या शिशूपासून दहावीपर्यंत ओळीने असा:

३८, ३८, ४०, ३७, ३६, ३७, ३४, ३३, ३२, ३०, २७, २४. एकूण ४०६.

आणि यंदाचा:

२९, ३६, ४१, ३९, ३७, ३६, ३४, ३४, ३३, ३१, ३०, २७. एकूण ४०७.

निवेदनात 'पट स्थिर असून एकाने वाढ' असे लिहिले तर ते खोटे नाही, पण विश्वस्तांची घोर दिशाभूल करणारे आहे. छोट्या शिशूत ३८ ऐवजी २९ मुले आली. ही नऊ मुलांची तूट एकूण आकड्यात दिसली नाही, कारण दहावीतून बाहेर पडलेली तुकडी फक्त २४ची होती आणि मधल्या इयत्तांत गेल्या काही वर्षांच्या भरलेल्या तुकड्या वर सरकत आहेत. दारातून कमी मुले येत असली तरी मागच्या दारातून त्याहून कमी जात आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

हाच हिशेब पुढे नेऊन पाहावा. छोट्या शिशूत दरवर्षी २९ मुले येत राहिली आणि इयत्ता बदलताना टिकण्याचे प्रमाण यंदाइतकेच राहिले, तर पुढच्या वर्षी पट साधारण ४०५ आणि त्याच्या पुढच्या वर्षी ३९९ होतो. दोन वर्षे कुणाला काही जाणवणार नाही. त्यानंतर मात्र दरवर्षी एकेक लहान तुकडी वर चढत जाते आणि आजची छोट्या शिशूतली मुले दहावीत पोचतील तेव्हा पट ३३०च्या आसपास येऊन थांबतो. म्हणजे सुमारे ७७ मुले कमी. वर्ग तेवढेच, शिक्षक तेवढेच, वीजबिल तेवढेच. हे आजच्या २९ या आकड्यात लिहिलेले आहे, आणि ते वाचून दाखवणे हे मुख्याध्यापकांचेच काम आहे. जिथे पट घसरल्याची चर्चा पाचव्या-सहाव्या वर्षी सुरू होते तिथे उपाय महाग पडतात: तुकड्या जोडणे, शिक्षक कमी करणे, घाईघाईने माध्यम बदलणे.

वरच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडली आहे, आणि ती पहिल्या नजरेला उलटी दिसते. मागच्या वर्षी मोठ्या शिशूत ३८ होते, यंदा पहिलीत ४१ आहेत. वाढ झाली असे वाटते. पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(क) खाली वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांवरचे मोफत प्रवेश या शाळेत पहिलीत होतात. समजा त्यातून ९ मुले आली. मग ४१ वजा ९, म्हणजे ३२. मोठ्या शिशूतल्या ३८ पैकी ६ मुले पहिलीच्या उंबरठ्यावरून निघून गेली. शाळेची सर्वांत मोठी गळती जिथे आहे तिथेच आकडा वाढलेला दिसतो! म्हणून प्रत्येक इयत्तेपुढे एकच आकडा न देता चार द्यावेत: मागच्या वर्षी खालच्या इयत्तेत किती होते, त्यातले किती टिकले, नवे किती आले, आज किती आहेत. नव्यांमध्ये २५ टक्क्यांतले वेगळे दाखवावेत.

'टिकले' हा आकडा अंदाजाने भरू नये. मागच्या आणि यंदाच्या ३० सप्टेंबरच्या दोन याद्या घ्याव्यात आणि जनरल रजिस्टरच्या, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीच्या, क्रमांकाने जुळवाव्यात. नावाने जुळवायला गेलात तर फसाल. 'ज्ञानेश्वरी' एका यादीत मराठीतून, दुसरीत इंग्रजी स्पेलिंगने. आडनाव आधी की नंतर, वडिलांचे नाव घातले की नाही, यातच दहा-बारा मुले हरवतात. रजिस्टर क्रमांक मूल शाळेत असेपर्यंत बदलत नाही. एक्सेलमध्ये व्हीलूकअपने हे काम तासाभरात होते, आणि जी नावे जुळत नाहीत तीच गेलेल्या मुलांची यादी असते. दाखला न घेता गेलेली मुलेही इथेच सापडतात. हजेरीपटावर नाव आहे पण ऑगस्टपासून मूल आलेले नाही, अशी नावे पटात धरली की आकडा फुगतो. ती वेगळ्या रकान्यात टाकावीत. शासनाच्या पोर्टलवर भरलेला पट आणि विश्वस्तांना दिलेला पट यांत फरक असेल तर तोही कारणासह लिहावा. आधार पडताळणी न झालेली मुले, दुसऱ्या शाळेकडून पोर्टलवर हस्तांतर न झालेली मुले, ही नेहमीची कारणे आहेत. ती लपवण्यासारखी नाहीत, पण वर्षभराने कुणी दोन कागद शेजारी ठेवले आणि स्पष्टीकरण मिळाले नाही, तर मुख्याध्यापकांच्या शब्दाची किंमत जाते.

मुले का गेली, याचे उत्तर दाखल्याच्या अर्जात मिळत नाही. तिथे 'वैयक्तिक कारण' किंवा 'पालकांची विनंती' एवढेच असते, कारण दाखला हातात पडेपर्यंत कुठलाही पालक मनातले बोलत नाही. दाखला दिल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी फोन करावा, आणि तो वर्गशिक्षकांनी करू नये. पालकांना कदाचित त्यांच्याबद्दलच बोलायचे असेल. पर्यवेक्षक किंवा कार्यालयातल्या एखाद्या समजूतदार व्यक्तीने करावा. कारणे चार-पाच खणांत बसतात: घर बदलले, शुल्क झेपले नाही, माध्यम किंवा बोर्ड बदलायचे होते, ये-जा जमेना, शाळेबद्दल नाराजी. शेवटच्या खणात पालकांचे वाक्य जसेच्या तसे लिहावे. विश्वस्तांना द्यायच्या कागदावर मुलांची नावे नकोत, इयत्ता आणि कारण पुरे. कुठल्या शाळेत गेली हे तर हातचेच आहे, कारण नवी शाळा विद्यार्थी पोर्टलवर मागणी पाठवते आणि जुन्या शाळेला ती मंजूर करावी लागते. सहापैकी चार एकाच शाळेत गेली असतील तर त्या शाळेत काय आहे हे पाहायला जावे. बहुतेकदा उत्तर अभ्यासक्रमात नसते. दुपारी साडेचारपर्यंतचे पाळणाघर किंवा दारात येणारी बस, असे काहीतरी असते.

मराठी माध्यमाच्या शाळांत गळतीच्या जागा साधारण ठरलेल्या आहेत. पहिली जागा मोठ्या शिशूनंतर, 'आता खरी शाळा, मग इंग्रजी माध्यम' हा निर्णय घरात होतो तेव्हा. दुसरी चौथीनंतर. पूर्वी चौथीला प्राथमिक शाळा संपायची आणि पाचवीला हायस्कूल धरायचे, ती सवय कायद्याने पाचवी प्राथमिकमध्ये आली तरी मोडलेली नाही. तिसरी जागा आठवीनंतर, आणि हिच्याकडे विश्वस्तांचे लक्ष सर्वांत कमी असते. २५ टक्क्यांतल्या मुलांना कायद्याचे संरक्षण आठवीपर्यंतच आहे. नववीत त्या घरापुढे अचानक पूर्ण शुल्क उभे राहते. आठ वर्षे शिकवलेले मूल त्या वळणावर सुटू द्यायचे का, हा विश्वस्तांचा निर्णय आहे, आणि तो मूल सातवीत असताना घ्यायचा आहे. अशी किती मुले यंदा सातवीत आहेत आणि त्यांचे दोन वर्षांचे शुल्क किती होते, ही ओळ निवेदनात हवीच.

नव्या प्रवेशांचे पाच टप्पे मोजावेत: चौकशी, शाळाभेट, अर्ज, शुल्क भरून प्रवेश निश्चित, आणि जूनमध्ये मूल प्रत्यक्ष वर्गात. समजा वरच्या शाळेत छोट्या शिशूसाठी आकडे ९६, ५८, ४१, ३४ आणि २९ असे निघाले. ९६चे ५८ झाले, म्हणजे अडतीस घरांनी फोन केला पण शाळा पाहायला कुणी आले नाही. तिथे जाहिरातीवर आणखी पैसे घालून उपयोग नाही. फोन कोण उचलते, किती दिवसांत उलट फोन जातो, भेटीची वेळ नोकरी करणाऱ्या आईवडिलांना जमते का, हे तपासायला हवे. ३४चे २९ होणे वेगळ्या प्रकारचे आहे. त्या पाच घरांनी दोन-तीन शाळांत पैसे भरून ठेवले होते. मार्च ते जून या काळात शाळेकडून एकही निरोप गेला नाही तर असे होते. एप्रिलमध्ये एक पालकसभा, मे अखेरीस मुलांसाठी तासाभराचा खेळ, वर्गाच्या बाईंचा एक फोन, एवढ्याने ही गळती बरीच आटोक्यात येते.

इथे विश्वस्तांनाही दोन गोष्टी सभेतच सांगाव्यात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी, मुलाखत घेता येत नाही आणि देणगी मागता येत नाही. देणगीबद्दलचा दंड मागितलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो, चाचणीबद्दल पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. 'इमारत निधीला थोडा हातभार' हे वाक्य प्रवेशाच्या टेबलावर कुणाच्याही तोंडून येता कामा नये, विश्वस्तांच्या तर नाहीच नाही. दुसरे वयाबद्दल. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षे पूर्ण हा निकष आहे. परिसरातल्या अंगणवाडी सेविकांशी बोलून, नव्या इमारतींत किती घरे भरली हे पाहून, त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला चार वर्षे पूर्ण होणारी, म्हणजे छोट्या शिशूच्या वयाची मुले अंदाजे किती आहेत ते जानेवारीत कळू शकते. तिथे मुलेच कमी असतील तर शाळेने स्वतःला दोष देत बसायचे कारण नाही, आणि मुले भरपूर असून २९च येत असतील तर दुसऱ्या कुणाला दोष देता येणार नाही.

पैशाचा भाग छोटा पण चोख असावा. पट गुणिले शुल्क, हे उत्पन्न नव्हे. समजा ४०७पैकी ६८ मुले २५ टक्क्यांतली आहेत, राहिली ३३९. वार्षिक शुल्क २४,००० धरले तर ८१,३६,००० रुपये. त्यातून कर्मचाऱ्यांच्या मुलांची, भावंडांची, अडचणीतल्या घरांची सवलत ३,६०,००० वजा केली की ७७,७६,००० उरतात. त्यातून थकणारी रक्कम मागच्या तीन वर्षांच्या अनुभवाने आणखी वजा करावी. २५ टक्क्यांतल्या मुलांच्या शुल्कापोटी शासनाकडून मिळायची प्रतिपूर्ती गेली काही वर्षे प्रतिविद्यार्थी १७,६७० रुपये या दराने मोजली जाते. ६८ मुलांची ती १२,०१,५६० होते. कायद्याने ती देय आहेच, पण ती उशिराने आणि तुकड्यातुकड्याने येते. येणे म्हणून ती जरूर दाखवावी, तिचा पाठपुरावाही करावा, पण पगाराच्या तरतुदीत तिला शून्य धरावे. मार्चमध्ये पगार अडकले की त्याचे मूळ बहुधा हे पैसे जूनमध्येच खर्चात धरण्यात असते. थकबाकी सांगताना एकच रक्कम सांगू नये: तीन महिन्यांच्या आतली, तीन महिन्यांवरची, आणि मागच्या वर्षाची. मागच्या वर्षाची बहुतेक परत येत नाही. 'दाखला अडवून वसूल करू' असे कुणी सुचवले तर मुख्याध्यापकांनी तिथल्या तिथे थांबवावे. आठवीपर्यंतच्या मुलाला दाखला लगेच देणे ही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार मुख्याध्यापकांची स्वतःची जबाबदारी आहे आणि विलंबाची कारवाईही त्यांच्यावरच येते.

शुल्काबद्दल एक नाजूक जागा आहे. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष मुख्याध्यापकच असतात. म्हणजे एकच माणूस नोव्हेंबरात विश्वस्तांपुढे खर्च मांडतो आणि पाठोपाठ सोडतीने निवडलेल्या पालकांपुढे तोच खर्च मांडतो. दोन्हीकडे कागद एकच असावा. विश्वस्तांना दाखवलेला पगाराचा आकडा आणि पालकांना दाखवलेला आकडा वेगळा निघाला की पुढची पाच वर्षे कुणी विश्वास ठेवत नाही.

आता उपक्रम. निवेदनांचा सर्वांत लांब आणि सर्वांत पोकळ भाग हाच असतो: वृक्षदिंडी, विज्ञान प्रदर्शन, योगदिन, आषाढीची दिंडी, मराठी भाषा गौरव दिन. हे सगळे व्हायलाच हवे, पण त्याला अर्धे पान पुरे. विश्वस्तांना सांगायचा उपक्रम म्हणजे ज्याला दर आठवड्याला तासिका लागतात किंवा दरवर्षी पैसे लागतात. अशा प्रत्येकाबद्दल पाच प्रश्नांची उत्तरे द्यावीत: कुठली मुले, आठवड्याला किती तासिका, त्या तासिका कशातून काढल्या, दर मुलामागे खर्च किती, आणि मुलांना काय येऊ लागले हे कशावरून ठरवले.

तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून तो मुख्याध्यापकांनी स्वतः विचारावा. वेळापत्रक रबराचे नसते. समजा पाचवी ते आठवीला रोबोटिक्स सुरू करायचे आहे. बाहेरची कंपनी मुलामागे वर्षाला १,२०० रुपये मागते. १३२ मुलांचे १,५८,४०० रुपये झाले. प्रत्येक वर्गाला आठवड्याला दोन तासिका, म्हणजे चार वर्गांच्या आठ. त्या कला, कार्यानुभव, खेळ किंवा ग्रंथालय यांतूनच येणार. खर्च शुल्कात बसवता येतो, गेलेला खेळाचा तास कुठेच बसवता येत नाही. शिवाय ठरलेल्या अडचणी आहेतच. एका संचावर पाच मुले बसतात, त्यातली दोन जोडणी करतात आणि तिघे बघतात. मुली बहुधा बघणाऱ्यांत असतात. सेन्सर आणि बॅटऱ्या दिवाळीपर्यंत हरवतात. कंपनीचा प्रशिक्षक वर्षाच्या मध्यात बदलतो आणि नवा पुन्हा पहिल्या पाठापासून सुरू करतो. करार करण्याआधी दोघांमागे एक संच, सुटे भाग, आणि शाळेच्या एका शिक्षकाला शिकवून ठेवणे, या तीन अटी लेखी घ्याव्यात. त्या मिळत नसतील तर हा उपक्रम घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

याउलट वाचनाचा उपक्रम. खर्च नाममात्र: दोनशे छोटी पुस्तके, सरासरी साठ रुपयांनी १२,००० रुपये. रोज सकाळची पंचवीस मिनिटे, दुसरी ते चौथी. याचा परिणाम मोजता येतो, फक्त मोजायची पद्धत नीट हवी. 'प्रथम' संस्थेची 'असर' पाहणी २००५पासून मुलांना अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद आणि गोष्ट अशा पायऱ्यांनी एकेकट्याने वाचायला देते. शाळेतही तेच करावे. जुलै, नोव्हेंबर आणि मार्च, तीन वेळा. तीच मुले, पण मजकूर दर वेळी नवा. चाचणी घेणारी व्यक्ती त्या वर्गाची शिक्षिका नसावी. आपल्या मुलाला आपण नकळत अर्धा शब्द पुरवतोच, आणि मग निकाल फुगतो. विश्वस्तांपुढे 'वाचन सुधारले' असे लिहू नये. समजा तिसरीत '३७ पैकी जुलैत १४ मुले गोष्ट वाचत होती, नोव्हेंबरात २३. ५ मुले अजून शब्दांवर आहेत आणि त्यातली ३ जुलैतही तिथेच होती' असे लिहावे. ती तीन मुले या संपूर्ण निवेदनातली सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. त्यांना रोज वीस मिनिटे कोण देणार, हा प्रश्न लगेच पुढे यायला हवा.

मराठी वाचनात मुले कुठे अडतात हेही विश्वस्तांना दोन ओळींत सांगण्यासारखे आहे, कारण त्यावरूनच पुस्तके आणि वेळ मागता येतो. बाराखडी येणारे मूल जोडाक्षरापाशी थांबते, आणि त्यातही 'र'पाशी. क्रम, कर्म, राष्ट्र, सुऱ्या: एकच र, चार ठिकाणी चार रूपांत. हे चार प्रकार सुटे सुटे, भरपूर वाचून पक्के होतात. त्याला दुसरीचे जवळजवळ अर्धे वर्ष लागते. सणवार आणि सरावात बुडालेल्या वेळापत्रकात ते अर्धे वर्ष निघून जाते आणि मूल पाचवीत 'हळू वाचते' असा शेरा घेऊन पोचते.

सेमी इंग्रजीचा हिशेबही वेगळा मांडावा. गणित-विज्ञान इंग्रजीतून असलेल्या वर्गात सरासरी गुण फसवतात. घटक चाचणीत नुसत्या आकड्यांची उदाहरणे आणि शब्दांतली उदाहरणे यांचे गुण वेगळे काढावेत. बेरीज-गुणाकार येतो पण 'हाऊ मेनी मोअर' म्हणजे वजाबाकी हे कळत नाही, अशी मुले लगेच सापडतात. त्यांना गणिताची जादा शिकवणी देऊन उपयोग नसतो. तोच प्रश्न आधी मराठीत, मग इंग्रजीत, असे आठवड्यातून दोनदा करणे पुरते. पाचवीत याच कारणाने नाराज झालेले पालक गळतीच्या यादीतही भेटतात. दोन्ही कागद शेजारी ठेवले की दिसते.

शिक्षकांबद्दल निवेदनात एक परिच्छेद असतोच, तो सत्कारांचा. त्याऐवजी हे द्यावे: किती पदे मंजूर, किती भरलेली, वर्षात किती सोडून गेले आणि कुठे गेले, किती दिवस कुठला वर्ग शिक्षकाविना राहिला. पाच वर्षांवर सेवा झालेले किती, कारण त्यांच्या उपदानाची (ग्रॅच्युइटीची) जबाबदारी संस्थेवर साठत असते. खासगी शाळांतल्या शिक्षकांना उपदान लागू करणारी २००९ची दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये कायम ठेवली. हिशेब सोपा आहे: शेवटचे वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षे. २६,००० वेतन आणि दहा वर्षे सेवा असेल तर १,५०,००० रुपये. असे बारा शिक्षक असतील तर १८ लाख, आणि तीन जण एकाच वर्षी गेले तर साडेचार लाख रोख द्यावे लागतात. यासाठी बाजूला काही ठेवले आहे का, हे मुख्याध्यापकांनी विचारावे.

काही गोष्टी निवेदनाची वाट पाहत नाहीत. मुलाच्या लैंगिक छळाची तक्रार आली किंवा शंका जरी आली तरी पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायची असते. आधी अध्यक्षांना विचारू, अंतर्गत चौकशी करू, पुढच्या सभेत ठेवू, यातले काहीही चालत नाही. हाताखालच्या कर्मचाऱ्याचा असा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१ खाली एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. विश्वस्तांना नंतर कळवावे, मुलाची ओळख पटेल असे काहीही न लिहिता. निवेदनात या विषयाची नियमित ओळ असावी ती व्यवस्थेबद्दल: तक्रारपेटी कोणत्या तारखांना उघडली, कुठले कॅमेरे बंद आहेत, बसचालक आणि मदतनीसांची पोलीस पडताळणी किती जणांची बाकी आहे. 'सर्व ठीक' असे लिहिलेली ओळ कुणी वाचत नाही. 'जिन्यातला कॅमेरा १२ ऑगस्टपासून बंद, दुरुस्तीला ४,५०० रुपये' अशी ओळ वाचली जाते आणि पैसे मंजूर होतात.

कागद चार पानांचा असावा आणि सात दिवस आधी पोचावा. पहिल्या पानावर पटाचा तक्ता आणि विश्वस्तांकडून कुठले निर्णय हवेत ते, क्रमांक घालून. तीनपेक्षा जास्त निर्णय मागू नयेत. नेमणुका, रजा, किरकोळ खरेदी शाळा समितीत न्यावी. तिथे व्यवस्थापनाचे चार प्रतिनिधी, एक कायम शिक्षक आणि चिटणीस म्हणून मुख्याध्यापक असतात, आणि ती नीट चालली तर विश्वस्तांचा अर्धा वेळ वाचतो. सभेत निवेदन वाचून दाखवू नये, वाचलेले आहे असे धरून तक्त्यातल्या दोन ओळींवर बोलावे. विश्वस्तांपैकी कुणी एखाद्या शिक्षकाचे किंवा प्रवेशाचे नाव काढले तर 'त्याबद्दल सभेनंतर भेटू' म्हणावे आणि खरेच भेटावे.

वाईट बातमी तक्त्यात असेल तर ती अध्यक्षांना आणि कार्यवाहांना दोन-तीन दिवस आधी समक्ष सांगावी. सौम्य करायला नव्हे. त्यांना सभेत पहिल्यांदा कळले तर ते बचावाचे बोलतात, आणि मग २९ मुलांवरची चर्चा कुणाची चूक यावर जाते. उपायही आकड्यात मागावा: 'प्रवेश वाढवायला सहकार्य करावे' असे न लिहिता 'साडेचारपर्यंत पाळणाघर, दोन मदतनीस, महिना १८,००० रुपये, जानेवारीपासून, छोट्या शिशूत ३५ मुले आली तर पुढे चालू, नाही तर जुलैत फेरविचार'.

सभा झाल्यावर आठ दिवसांत इतिवृत्ताचा मसुदा मागून आपल्या विषयापुरता वाचून घ्यावा. 'पटसंख्येबद्दल समाधान व्यक्त करण्यात आले' असे वाक्य सवयीने लिहिले जाते. सभेत तसे झाले नसेल तर कायम होण्याआधी दुरुस्त करून घ्यावे. आणि जूनमध्ये, शाळा उघडल्यावर तिसऱ्या आठवड्यात, छोटा शिशू, पहिली आणि पाचवी या तीन वर्गांत प्रत्यक्ष बसलेली मुले मोजून ते तीन आकडे एका ओळीत सर्व विश्वस्तांना पाठवावेत. ३० सप्टेंबरपर्यंत थांबू नये.